घरात कुणाला झाला होता का?

नाही. घरात कुणालाच ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर, झाला नव्हता. आजोबा दम्याने गेले, आजी म्हातारपणाने गेली, आणि वडील अजून रोज सकाळी पेपरातलं शब्दकोडं सुटेपर्यंत कुणाशी धड बोलत नाहीत. माझ्या स्वतःच्या रक्ताची एकच तक्रार आहे, हिमोग्लोबिन कमी, आणि ती आपल्याकडे निम्म्याहून जास्त बायकांची असते.

तुम्ही विचारलंत म्हणून एकदा लिहून टाकते. सांगलीला आले की दोन दिवसांत हा प्रश्न येतोच. लग्नाच्या पंगतीत येतो, बँकेत येतो, अमेरिकेत गणपतीची आरती झाल्यावर प्रसादाच्या रांगेतही येतो. "तू त्या यीस्टवर काम करायचीस ना? मग एकदम ल्युकेमियाकडे कशी? घरात कुणाला..." इथे आवाज खाली येतो आणि वाक्य अर्धं राहतं. समोरच्याने चेहऱ्यावर सहानुभूती आणून ठेवलेली असते. मी "नाही हो" म्हटलं की तिचं काय करावं हे त्याला कळत नाही. एका काकूंनी तर "बरं बाई, सांगायचं नसेल तर राहू दे" म्हणून माझा हात थोपटला होता.

माझ्या धंद्यातले लोक हेच वेगळ्या सुरात विचारतात. त्यांना कुणी गेल्याची गोष्ट नको असते. ते हसून म्हणतात, "ग्रँटसाठी ना?" यीस्टला पैसे मिळेनासे झाले, कॅन्सरला मिळतात, बाई वेळेत उठून गेली. दोन्ही प्रश्नांच्या पोटात समजूत एकच, की यीस्टमधून माणूस आपणहून कुठे जात नाही. दुःखाने तरी जातो नाहीतर पैशाने. एका एन्झाइमच्या मागे मागे जात कुणी तिथे पोचलं असेल, हे दोघांनाही पटत नाही.

आधी यीस्टचं सांगते, कारण ते कुणीच विचारत नाही.

मी पीएच. डी.ला लागले १९९४ मध्ये. दोन वर्षांनी यीस्टचा संपूर्ण जीनोम, म्हणजे सगळाच्या सगळा डीएनए, वाचून झाला. ज्यांच्या पेशीत केंद्रक असतं अशा सजीवांमधला तो पहिला. सोळा गुणसूत्रं, सुमारे सहा हजार जनुकं. म्हणजे पाव फुगवणाऱ्या बुरशीच्या जनुकांची यादी माणसाच्या आधी तयार झाली, आणि आम्ही पोरं रात्री उशिरापर्यंत संगणकावर आपापलं जनुक शोधत बसलो. मला शोधायचं होतं ते असं: जनुक जागेवर आहे, धडधाकट आहे, तरी ते गप्प का बसतं?

यीस्टमध्ये हे डोळ्यांना दिसतं. एडीई२ नावाचं जनुक बंद पडलं की पेशीत लाल रंग साचतो आणि वसाहत लाल उगवते. चालू असलं की पांढरी. हेच जनुक उचलून गुणसूत्राच्या टोकापाशी नेऊन ठेवलं, तर ते धड चालूही राहत नाही आणि धड बंदही. एकाच पेशीची पिल्लावळ, डीएनए अक्षर न् अक्षर सारखा, तरी वसाहतीत लाल-पांढऱ्या फाका पडतात, अर्धवट पिकलेलं डाळिंब फोडल्यासारख्या. जनुक तेच, पण ते वाचायचं की झाकून ठेवायचं हा निर्णय वेगळा, आणि तो निर्णय आई-पेशीकडून लेक-पेशीकडे जातो. माझी सगळी नोकरी या एका गोष्टीवर झाली. तेव्हाही आणि आताही.

काम मात्र हमालीचं. यीस्टचे दोन प्रकार एकत्र आणायचे, मग त्यांना उपाशी ठेवायचं, की एकेका पिशवीत चार-चार स्पोअर, म्हणजे बीजाणू, तयार होतात. पिशवीची भिंत एन्झाइमने विरघळवायची. जरा जास्त वेळ गेला तर चौघं पांगतात, कमी गेला तर सुटत नाहीत. मग सूक्ष्मदर्शकाखाली काचेच्या सुईने एकेक स्पोअर उचलून आगरवर ओळीत मांडायचा. कुणी खोलीचं दार आपटलं तर सुई हलते आणि चौकडीतला एक कायमचा हरवतो. मला या कामाचा कंटाळा आला नाही. लोक म्हणतात, तिथून सुटका झाली तुझी. सुटका कसली! माझ्या हाताला दुसरं कुठलंही काम इतकं चांगलं जमलेलं नाही.

१९९८ मध्ये डॅन गॉट्शलिंग यांच्या प्रयोगशाळेने टोकाजवळची ही झाकाझाकी मोडणारी काही जनुकं शोधून छापली. त्यातल्या एकाचं नाव डॉट१. मी त्या प्रयोगशाळेत नव्हते, पण आमचंही शेत त्यांच्या बांधालाच लागून होतं. २००२ मध्ये कळलं की डॉट१ हे एन्झाइम आहे. डीएनए ज्या हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, त्यातल्या एच३ वर, ७९ व्या जागेवरच्या लायसिन या अमिनो आम्लाला, ते मिथाइलची रासायनिक खूण लावतं. यीस्टमधून डॉट१ पूर्ण काढून टाकलं तरी यीस्ट मजेत जगतं. असलं बिनमहत्त्वाचं एन्झाइम तुम्ही का घेऊन बसलात, असं एका परीक्षकाने आम्हाला लिहिलं होतं.

मग २००५ मध्ये यी झांग यांच्या गटाचा निबंध आला. माणसातलं डॉट१ आणि ल्युकेमिया.

थोडक्यात असं. आपल्या अकराव्या गुणसूत्रावर एमएलएल नावाचं जनुक आहे. ते मधेच मोडून दुसऱ्या गुणसूत्रावरच्या जनुकाला जोडलं गेलं की एक जोडप्रथिन तयार होतं. ते डॉट१ला भलत्या ठिकाणी ओढून नेतं. रक्तपेशी वयात आली की जी जनुकं झाकली जायला हवीत, होक्सए९ सारखी, ती उघडीच राहतात. पेशी मोठी होत नाही, नुसती वाढत राहते. वर्षाच्या आतल्या बाळांना होणाऱ्या तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात दहातल्या सात-आठ जणांमध्ये हेच जनुक मोडलेलं सापडतं, आणि ती मोडतोड आईच्या पोटात असतानाच झालेली असते. म्हणजे ज्या एन्झाइमवाचून यीस्टचं काही अडत नाही, त्याच्यावाचून या रोगाचं पान हलत नाही.

तो निबंध वाचून मला बाळं दिसली नाहीत. मला माझ्या लाल-पांढऱ्या वसाहती दिसल्या. जनुक उघडं राहिलंय, झाकलं जात नाहीये. हे मी लिहिते तेव्हा वाईट दिसतं याची मला कल्पना आहे. पण प्रश्न "कशी वळलीस" हा असेल तर उत्तर हे आहे.

आता पैशाचं. ते नव्हतंच असं म्हणणार नाही. १९९८ ते २००३ मध्ये एनआयएचचं, म्हणजे आम्हाला पैसे देणाऱ्या अमेरिकेतल्या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेचं, बजेट दुप्पट झालं आणि मग तिथेच थिजलं. त्यानंतरच्या वर्षांत नवी प्रयोगशाळा उभी करू पाहणाऱ्यांचे हाल आम्ही सगळ्यांनी बघितले, आणि मी त्यातलीच एक होते. २००५ चा निबंध मला काही वर्षं आधी, सुकाळात मिळाला असता, तर मी उडी मारली असती का? माहीत नाही. कधी वाटतं मारली असती. कधी वाटतं, निबंध कापून फळ्यावर टाचला असता आणि सुई हातात घेतली असती.

त्या सुमारास एका स्मरणिकेसाठी मला कुणी हाच प्रश्न विचारला, तर मी लिहून दिलं होतं: "आता थेट माणसांसाठी काम करावंसं वाटलं." परवा आवरताना ती स्मरणिका हाती आली. वाक्य वाचून राग आला. यीस्टवर होते तेव्हा काय यीस्टसाठी काम करत होते? पेशीचं विभाजन कसं चालतं हे यीस्टमध्ये शोधणाऱ्या लेलंड हार्टवेलना २००१ चं नोबेल मिळालं ते काय बेकरीसाठी? पण ती पस्तिशीतली बाई मला लगेच उलटून म्हणते, तुला बोलायला काय जातंय, तुझी नोकरी पक्की आहे, मला व्हिसा आणि पाळणाघराचं बिल दोन्ही भरायचं होतं. तिचंही खरं आहे. आमचं हे भांडण मिटत नाही.

प्रयोगशाळा बदलली तेव्हा मला फरक कशात जाणवला ते सांगते. यीस्टचा प्रकार मागवला की त्याची वंशावळ बरोबर येते. आम्ही सगळे वापरतो त्या एस२८८सी चा बराचसा वारसा १९३८ मध्ये कॅलिफोर्नियात मर्सेड इथे एका सडक्या अंजिरावरून उचललेल्या यीस्टचा आहे. आम्ही हे कौतुकाने एकमेकांना सांगायचो. मग ल्युकेमियाच्या पेशींची पहिली कुपी आली, एमव्ही४-११. सोबतच्या कागदावर तिचीही वंशावळ होती. लिंग: पुरुष. वय: १० वर्षं. बाकी काही नाही. फ्लास्कमध्ये गुलाबी माध्यमात पेशी तरंगत होत्या, यीस्टसारखा वास नाही की काही नाही. मी तो कागद वहीत चिकटवला आणि कामाला लागले. इथे मला रडू आलं असं लिहायला हवं असेल, तर आलं नाही.

डॉट१ अडवणारं औषध या पेशींवर घातलं की पहिले काही दिवस काहीच होत नाही. पेशी आपल्या वाढतायत. आठवडा उलटतो तेव्हा कुठे मरायला लागतात. डॉक्टरांकडून आलेली सहकारी मंडळी वैतागायची, औषध आहे की होमिओपथी! मला नवल वाटलं नाही. ही खूण पुसून टाकणारा कुणी पेशीत तेव्हा सापडलेला नव्हता. पेशी दुभंगत जातात, नवे हिस्टोन येतात, तशी ती विरळ होत जाते, यीस्टमध्येही अशीच. एवढ्यापुरती माझी जुनी विद्या उपयोगी पडली, आणि मी ते सगळ्यांना ऐकवूनही दाखवलं.

आता जे सांगायचं टाळत आले ते. इथे गावं आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

२०१४ मध्ये, पावसाळ्याच्या तोंडावर, वहिनीचा फोन आला. तिच्या माहेरच्या ओळखीतल्यांचं बाळ, मुलगी, सात महिन्यांची. अंगावर निळे डाग, ताप, पोट फुगलेलं. मुंबईला नेलं, ल्युकेमिया निघाला. "ताई, तू ल्युकेमियावाली ना? त्यांना तुझा नंबर देऊ का?" मी म्हटलं, मी डॉक्टर नाही. ती म्हणाली, "माहीत आहे गं, पण त्यांना धीर येईल." मी दे म्हणाले.

त्या रात्री व्हॉट्सॲपवर रिपोर्टचे फोटो आले. तिरके काढलेले, एका कोपऱ्यात कुणाचा तरी अंगठा. तिसऱ्या पानावर ओळ होती: ११क्यू२३. अकराव्या गुणसूत्रावरची एमएलएलची जागा. ही अक्षरं मी आयुष्यात किती वेळा लिहिली असतील, स्लाइडवर, निबंधांत, फळ्यावर. ती या कागदावर बघून मला आधी वाटलं की हा माझ्याच कुठल्यातरी फाइलचा फोटो आहे. थोड्या वेळाने मुलीच्या वडिलांचा फोन आला. ते शिक्षक होते, बोलणं नीटस, एकेक मुद्दा लिहून ठेवल्यासारखं.

"मॅडम, वहिनी म्हणाल्या तुम्ही याच्यावर काम करता. ते हेच ना?"

"हो. हेच."

"मग?"

एवढंच. मग? मी अनेक व्याख्यानं दिली आहेत, टोचून बोलणाऱ्या परीक्षकांना तोंड दिलं आहे, पण त्या "मग" ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी सांगायला लागले. तिथल्या डॉक्टरांची केमोथेरपी हाच आत्ता मार्ग आहे, ते डॉक्टर जाणते आहेत, संसर्गापासून जपा. ते ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, अमेरिकेत या जनुकावर नवीन औषध निघालंय असं इंटरनेटवर दिसतं, ते तुमच्याच कामातलं ना? पिनोमेटोस्टॅट, डॉट१ अडवणारं. माझ्या कामातलं म्हणजे, शेजारच्या वाड्यातलं. मी म्हटलं, ते अजून चाचणीत आहे, मोठ्यांमध्ये चालू आहे, लहानांसाठीची चाचणी आत्ता उघडते आहे, सलग अठ्ठावीस दिवस पंपाने शिरेतून द्यावं लागतं, आणि ज्यांचा आजार उलटलाय किंवा हटतच नाही अशांनाच घेतात.

फोनवर थोडा वेळ काहीच नाही. मग ते म्हणाले, "म्हणजे उलटला तर फोन करू?"

मी म्हणाले, करा.

मला आजही कळत नाही की दुसरं काय म्हणायला हवं होतं. नियम मी बनवले नव्हते, आणि नियम बरोबरही होते. जे उपचार पुष्कळदा लागू पडतात ते आधी द्यायचे. चूक कुणाचीच नव्हती. पण ते वाक्य त्यांनी किती सरळ म्हटलं! टपालाचं काम अडलं तर पुन्हा येऊ का, असं विचारावं तसं. आणि मीही तितक्याच सरळ करा म्हणाले.

दिवाळीच्या आसपास त्यांनी फोन केला. "उलटला." मी ओळखीच्या डॉक्टरांना लिहिलं. उत्तरं आली, लगेच आली, प्रेमाने लिहिलेली. मुलीची प्रवास करण्याजोगी स्थिती हवी, आधीच्या केमोनंतर ठराविक काळ गेलेला हवा, इतके आठवडे इथे राहावं लागेल, खर्च. मी ते सगळं मराठीत लिहून पाठवलं, आकड्यांसकट, काहीही न लपवता. त्यांनी "धन्यवाद मॅडम" असं लिहिलं. मुलीला तोवर न्यूमोनिया झाला होता. ती गेल्याचं मला वहिनीकडून कळलं.

आणि पुढे? मोठ्यांवरच्या त्या चाचणीचे आकडे २०१८ मध्ये छापून आले. ५१ रुग्ण, दोघांचा रोग पूर्ण हटला. लहान मुलांमध्येही हाती फारसं लागलं नाही. म्हणजे ती आली असती तरी बहुधा उपयोग झाला नसता. हे मला कळल्यावर हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याचा राग आला, आणि दोन्ही भावना मी अजून बाळगून आहे.

आता बघा. पुढे आमच्या इथल्या एका माहितीपत्रकासाठी माझ्यावर लेख करायला एक मुलगा आला. हुशार होता. त्यानेही विचारलं, घरात कुणाला? मी नाही म्हटलं, पण बोलता बोलता ही हकिकत सांगितली गेली. मसुदा आला तेव्हा लेख त्या फोननेच सुरू होत होता, आणि दुसऱ्या परिच्छेदात होतं: "त्या दिवसापासून तिच्या संशोधनाला दिशा मिळाली." मी त्याला लिहिलं, अरे, ल्युकेमियात मी जवळजवळ नऊ वर्षं आधी आले होते. तो म्हणाला, क्रम थोडा मागेपुढे केला तर वाचकाला पटकन पोचतं, देणगीदारांनाही. मी तो भाग काढायला लावला. लेख फार सपक झाला, हे मान्य.

तुमच्या प्रश्नाचा मला राग येतो तो यामुळे. तुम्हाला कारण म्हणून एक मेलेलं माणूस हवं आहे. माझ्याकडे आहे एक, पण ते कारण नाही. त्या मुलीने मला कुठे वळवलं नाही. तिच्या वडिलांचा फोन आला तेव्हा मी जिथे होते तिथेच होते, आणि नंतरही तिथेच राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच पेशींना मी माध्यम बदलून दिलं.

राहता राहिला हिशेब: यीस्टने या बाळांना दिलं काय? आम्ही यीस्टवाले सभांमध्ये अभिमानाने सांगतो की एमएलएलचा यीस्टमधला भाऊ सेट१. खरं आहे. पण ज्या तुकड्यामुळे हे भाऊ ठरतात, तोच तुकडा जनुक मोडताना गळून पडतो. रोग घडवणाऱ्या जोडप्रथिनात तो नसतोच. डॉट१चं वर सांगितलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत याच ल्युकेमियासाठी रेव्युमेनिब या औषधाला मंजुरी मिळाली, वर्षावरच्या मुलांसाठी आणि मोठ्यांसाठी. ते त्या जोडप्रथिनाच्या साथीदाराला, मेनिन नावाच्या प्रथिनाला, अडवतं, आणि यीस्टमध्ये मेनिन नाही. तान्ह्या बाळांसाठी सगळ्यात मोठी बातमी २०२३ मध्ये आली, ब्लिनाटुमोमॅब या औषधाची: ३० बाळांना नेहमीच्या केमोबरोबर दिलं, दोन वर्षांनी ९३ टक्के हयात होती. आधीच्या काळात हाच आकडा ६६ टक्के होता. ती अँटिबॉडी आहे. तिच्यात ना यीस्ट, ना डॉट१, ना मी.

हे मी विद्यार्थ्यांना सांगते तेव्हा ते गोंधळतात. मग तुम्ही आयुष्यभर केलंत काय? मी म्हणते, झाकणं कशी लागतात आणि उघडतात ते. मेनिन अडवतात ते होक्सए९ सारखी उघडी राहिलेली जनुकं गप्प करायला, आणि ती जमीन आम्हीही खणलेली आहे. कधी हे मला पुरेसं वाटतं. कधी वाटतं मी स्वतःची वकिली करते आहे.

आणि "ग्रँटसाठी ना?" वाल्यांनो, तुमच्यासाठी हे. गेली काही वर्षं प्रयोगशाळेचं एक बाक मी पुन्हा यीस्टला दिलं आहे. सुई आता थरथरते, ते काम एक मुलगी करते, माझ्याहून सफाईने. त्या कामासाठी ऑक्टोबरात अर्ज जायचा आहे. शुद्ध यीस्टचा अर्ज, ल्युकेमियाची एक पेशी त्यात नाही. पहिल्या परिच्छेदात तान्ह्या बाळांचा ल्युकेमिया आहे. तो परिच्छेद काढून वाचला. अर्ज सुरेख झाला होता, आणि असा अर्ज मंजूर होत नाही हे मला चांगलं माहीत आहे. सध्या त्याच्या दोन प्रती आहेत, एक परिच्छेदासकट आणि एक शिवाय. मुलगी रोज विचारते, मॅडम, कुठली पाठवायची?